मुंबईतील रेडिओ केंद्रांचे बदलते संगीतस्वरूप

रेडिओ केंद्राने कोणत्या भाषेतली आणि कोणत्या काळातली गाणी लावायची, एक गाणे दिवसातून किती वेळा फिरवायचे आणि दोन गाण्यांच्या मध्ये निवेदकाने किती बोलायचे, हे सगळे मिळून त्या केंद्राचे संगीतस्वरूप ठरते. रेडिओच्या धंद्यात याला सरसकट ‘फॉरमॅट’ म्हणतात. मुंबईत हे स्वरूप गेल्या शंभर वर्षांत अनेकदा पालटले. २००२ नंतर तर ते इतक्या झपाट्याने पालटत गेले की एकाच आकड्यावर वेगवेगळ्या वयाच्या श्रोत्यांना वेगवेगळे केंद्र आठवते. १०४.८ मेगाहर्ट्झचेच पाहा. तिथे आधी टुडे समूहाचे ‘म्याव’ होते. ते बायकांसाठी काढलेले केंद्र होते आणि त्यावर गाण्यांपेक्षा गप्पांना जास्त वाव होता. पुढे त्याच जागी ‘ओये’ आले आणि गप्पा जाऊन हिंदी चित्रपटगीते आली. त्यानंतर ‘इश्क’ आले आणि प्रेमगीतांचा मारा सुरू झाला. एका दशकाच्या आत तीन नावे आणि तीन तऱ्हा झाल्या.

हे बदल श्रोत्यांची आवड बदलली म्हणून झाले, असे सहसा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुंबईचा इतिहास बारकाईने पाहिला तर मोठे बदल प्रत्येक वेळी प्रसारणाचे नियम, परवान्याच्या अटी किंवा गाण्यांच्या हक्काचे दर बदलले तेव्हा झालेले दिसतात. आवडीनिवडीचा विचार त्यानंतर आला.

आकाशवाणीचा काळ

मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ साली हौशी प्रसारण सुरू केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने प्रसारण हाती घेतले आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. सकाळी केंद्र उघडताना वाजणारी शिवरंजनीची धून वॉल्टर कॉफमन यांची आहे. हे युरोपातून मुंबईत आलेले निर्वासित ज्यू संगीतकार होते आणि मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत.

या केंद्राला आजच्या अर्थाने फॉरमॅट नव्हता. दिवस सभांमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांमध्ये, वाटलेला असे आणि प्रत्येक सभेत भक्तिगीत, नाट्यगीत, ख्याल, भावगीत, लोकगीत यांच्या वेळा ठरलेल्या असत. ‘वनिता मंडळ’, ‘कामगारांसाठी’, ‘आपली आवड’ ही कार्यक्रमांची नावे घड्याळाची कामे करीत. ‘आपली आवड’साठी लोक पोस्टकार्ड पाठवत. त्यावर गाण्याची पहिली ओळ आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावे असत. निवेदक ती नावे गावासह वाचून दाखवी. कित्येक घरांत गाण्यापेक्षा त्या नावांकडेच कान लागलेले असत, आणि ते अगदी साहजिक होते. आपल्या माणसाचे नाव सबंध महाराष्ट्राला ऐकू जाण्याची दुसरी सोय तेव्हा नव्हती.

पहिला मोठा धक्का १९५२ मध्ये बसला. त्या वर्षी माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर चित्रपटगीतांवर नाराज होते. आकाशवाणीने गाण्यांची संख्या घटवली, चित्रपटाचे नाव सांगणे बंद केले, निर्मात्यांशी बेबनाव झाला आणि चित्रपटगीते जवळपास गायबच झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरांत पोहोचले. केसकरांच्या धोरणाची ही बाजू नेहमी सांगितली जाते. दुसरी बाजूही सांगायला हवी. चित्रपटगीतांची जागा भरण्यासाठी आकाशवाणीने सुगम संगीताला हात दिला, आणि मराठी भावगीताला त्या काळात जेवढी हक्काची वेळ मिळाली तेवढी पुढे कुणीच दिली नाही. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून प्रसारित झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ याच वातावरणातले. त्यातली ५६ गीते मुळात रेडिओच्या साप्ताहिक वेळापत्रकासाठी लिहिली आणि बांधली गेली.

चित्रपटगीते परत आली ती ऑक्टोबर १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीवर. ‘छायागीत’, ‘भूले बिसरे गीत’, फौजी जवानांसाठीची ‘जयमाला’ आणि रागांची ओळख करून देणारी ‘संगीत सरिता’ ही तिची ठेवण आजही बरीचशी टिकून आहे. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. प्रायोजित कार्यक्रम, चित्रपटांची रेडिओवरची जाहिरात आणि गाण्याच्या आधी-नंतर वाजणारी जिंगल हे सगळे तेव्हापासूनचे.

भाड्याचे तास

१९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएम प्रक्षेपणातले काही तास खासगी कंपन्यांना विकायला काढले. मुंबईत टाइम्स एफएम आणि रेडिओ मिडडे हे त्यातले ठळक. ट्रान्समीटर सरकारचा आणि कार्यक्रम कंपनीचा अशी ही व्यवस्था होती, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर काही तासांच्या अंतराने बोलण्याची ढब पार बदलून जाई. हिंदी-इंग्रजीची सरमिसळ करत, श्रोत्याशी फोनवर बोलत, हसत-खिदळत गाणी लावणारा निवेदक मुंबईला पहिल्यांदा इथे भेटला. ही व्यवस्था १९९८ मध्ये संपली. दरम्यान फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला होता. खासगी केंद्रांचा रस्ता त्यातून मोकळा झाला.

२००२ आणि नंतरची सारखेपणाची लाट

२००२ मध्ये मुंबईत रेडिओ मिर्ची ९८.३, रेडिओ सिटी ९१.१, रेड ९३.५, गो ९२.५ आणि विन ९४.६ ही खासगी केंद्रे सुरू झाली. सुरुवातीचे काही महिने खरोखर वैविध्याचे होते. गो ९२.५ इंग्रजी गाणी लावी आणि तिथे निवेदनही इंग्रजीत चाले. पण परवाना शुल्क लिलावात ठरलेले होते आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ होती. उत्पन्न होवो न होवो, हप्ता चढतच जाणार होता. शिवाय खासगी केंद्रांना बातम्या द्यायला बंदी होती, म्हणजे गाण्यांखेरीज हातात काही नव्हते. अशा वेळी कमी लोकांना प्रिय असलेली गाणी लावण्याची हिंमत कोण करणार? एकेक केंद्र नव्या हिंदी चित्रपटगीतांकडे सरकले. विन २००५ मध्ये बंद पडले.

सारखेपणा कसा तयार होतो, हे केंद्राच्या आतला एक तास पाहिला की समजते. संगीत विभाग तासाचे ‘क्लॉक’ आखतो. तासाच्या ठोक्याला केंद्राची जिंगल, लगेच सर्वांत चलतीचे गाणे, मग आरजेची, म्हणजे निवेदकाची, छोटी ‘लिंक’ (गाण्यांमधले बोलणे), दुसरे नवे गाणे, जाहिरातींचा ब्रेक, ब्रेक संपताच पुन्हा एक हमखास गाणे आणि मध्ये कुठेतरी एखादे जुने. गाण्यांची प्रतवारी करून ठेवलेली असते, आणि कोणते गाणे किती तासांनी परत यायचे हे सॉफ्टवेअर ठरवते. वरच्या प्रतीत मोजकीच गाणी असतात, म्हणून तीच ती ऐकू येतात. आरजेला यात फार थोडी मोकळीक असते. श्रोत्यांना वाटते की गाणे त्याने निवडले. प्रत्यक्षात ती यादी आदल्या दिवशीच तयार झालेली असते.

दुसरे कारण स्वामित्वधनाचे. संगीत कंपन्या गाणी वाजवलेल्या तासांवर पैसे आकारत, त्यामुळे लहान केंद्रांचे कंबरडे मोडत असे. एखाद्या कंपनीशी करार नसला की तिची गाणी त्या केंद्रावर नसतच. ‘त्या स्टेशनवर अमुक चित्रपटाची गाणी कधीच लागायची नाहीत’ ही श्रोत्याची आठवण पुष्कळदा अचूक असते. तिच्यामागे रसिकतेपेक्षा कराराचा हिशेब असतो. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के हा दर ठरवला, तेव्हा ही अडचण बरीच सैल झाली.

२००५ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा आणला आणि नव्या केंद्रांना जागा झाली. बिग ९२.७, फीव्हर १०४ आणि म्याव त्यानंतरची. गोचे रेडिओ वन झाले, आकडा ९२.५ वरून ९४.३ झाला, भाषा हिंदी झाली आणि पुढे ते परत इंग्रजी गाण्यांकडे वळले. २००७ पासून ‘रॅम’ ही श्रोतेगणती सुरू झाली. निवडक घरांतली माणसे आपण काय ऐकले याची डायरी भरत आणि आठवड्याचे आकडे निघत. म्यावसारखा वेगळा प्रयोग रुजायला जो धीर लागतो, तो आठवड्याच्या आकड्यांत बसत नाही. मुंबईच्या रेडिओचे हे मोठे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या गाण्यांचे पुनरागमन

२०११ च्या धोरणाने एका कंपनीला एकाच शहरात एकाहून अधिक फ्रिक्वेन्सी घ्यायची मुभा दिली आणि २०१५ मध्ये लिलाव झाले. दुसरे केंद्र काढताना पहिल्याचे श्रोते फोडून चालत नाही. मग उरले जुने संगीत. फीव्हरवाल्यांनी ९१.९ वर ‘नशा’ काढले, रेड एफएमने १०६.४ वर ‘रेडट्रो’. बिग एफएम त्याआधीच जुन्या गाण्यांकडे वळले होते आणि अन्नू कपूर यांच्या ‘सुहाना सफर’ने त्याला ओळख मिळवून दिली होती. विविध भारती मात्र १०२.८ वर तीच गाणी अखंड वाजवत आली आहे.

मराठी गाण्याची जागा

मुंबईतल्या खासगी केंद्रांनी हिंदी हीच मुख्य भाषा ठेवली. मराठी गाणी ठरावीक वेळी, सणावारी किंवा एखादा चित्रपट गाजला की लागत. नियमित मराठी संगीतासाठी आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीकडेच जावे लागे. कोल्हापुरात ‘पुढारी’ समूहाच्या टोमॅटो एफएम ९४.३ सारख्या केंद्राने हिंदीबरोबर मराठी गाणी वाजवून धंदा केला. मराठी गाण्याला जाहिरातदार मिळत नाही, हा मुंबईतला युक्तिवाद त्यामुळे मला तरी पटत नाही. रेड एफएमच्या मलिष्का यांनी २०१७ च्या पावसाळ्यात रस्त्यांतल्या खड्ड्यांवर मराठी विडंबनगीत केले आणि ते शहरभर गाजले. मुंबईच्या कानाला मराठी परकी नाही, हे त्या एका गाण्यानेही दिसले.

आठवणी आणि पुरावे

आकाशवाणीचे जुने कार्यक्रम ‘द इंडियन लिसनर’ या तिच्या नियतकालिकात वेळेसह छापलेले सापडतात. १९४० च्या एखाद्या संध्याकाळी मुंबई केंद्रावर कोण गायले, हे त्यात शोधता येते. २००३ च्या एखाद्या दुपारी गो ९२.५ वर काय वाजले, हे सांगणारा असा छापील कागद नाही. खासगी केंद्रे प्रसारणाचे ध्वनिमुद्रण ठरावीक मुदतीपुरतेच ठेवतात आणि केंद्र विकले गेले की जिंगलपासून सगळे बदलते. म्हणून या काळाचा खरा संग्रह लोकांच्या घरात आहे. टू-इन-वनवर गाणे टेप करताना चुकून आलेली जाहिरात, आरजेचा आवाज आणि केंद्राची जिंगल हाच तो ठेवा.

अशा कॅसेटवर तारीख क्वचितच असते, पण ती काढता येते. जाहिरातीतला चित्रपट कधी प्रदर्शित झाला ते पाहावे. केंद्राचे नाव आणि आकडा यांची जोडी जुळवावी, कारण ९२.५ वर ‘गो’ आणि ‘रेडिओ वन’ ही नावे एका वेळी असू शकत नाहीत. फर्माईशीसाठी दिलेला दूरध्वनी क्रमांकही नीट ऐकावा. मुंबईचे सात आकडी क्रमांक २००२ मध्ये सुरुवातीला २ जोडून आठ आकडी झाले, तेव्हा सात आकडी क्रमांक सांगणारा आरजे त्याआधीचा किंवा अगदी त्याच वर्षीचा.