मुख्य रस्ता गाड्यांना बंद करावा का? : छोट्या शहरांतल्या एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या छोट्या शहरांत डाउनटाउन, म्हणजे शहराचा जुना मध्यवर्ती बाजारभाग, पुन्हा नांदतं करण्याच्या योजनांमध्ये आज जुनं थिएटर, चौक, खुला रंगमंच या गोष्टी हमखास असतात. त्यांच्यासोबत एक जुना वादही येतो: मुख्य रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवावा का? ‘तो प्रयोग फसलाय’ असं सभेत कोणीतरी म्हणतंच. नेमकं काय फसलं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

आधी शब्दाचा घोळ. ‘मॉल’ म्हणजे मुळात झाडांच्या सावलीतली फिरायची जागा. 1956मध्ये मिनेसोटातल्या इडायना इथे साउथडेल हे पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित बाजारसंकुल उघडलं, आणि पुढे हा शब्द अशा इमारतींना कायमचा चिकटला. डाउनटाउनमधल्या गाडीमुक्त रस्त्यालाही ‘पादचारी मॉल’ म्हणत. त्यामुळे त्याची तुलना आपोआप उपनगरातल्या संकुलाशी होऊ लागली. त्या तुलनेत तो हरणारच होता: छत नाही, फुकट पार्किंग नाही, सगळ्या दुकानांना बांधणारा एक मालक नाही.

गंमत अशी, की साउथडेलच्याच वास्तुरचनाकाराने 1958मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझूचा आराखडा केला. त्यात मध्यभागाला वळसा घालणारा वर्तुळाकार रस्ता होता, त्याला लागून कडेला वाहनतळ होते आणि आत चालायचे रस्ते. शहराने 1959मध्ये बर्डिक स्ट्रीटचे दोन ब्लॉक (आडव्या रस्त्यांमधले टप्पे) गाड्यांना बंद केले, फरशी-झाडं-कारंजी केली. बाकीचा बराचसा आराखडा कागदावरच राहिला. देशभरातून पाहायला आलेल्या शहरांनी नेमका तेवढाच तुकडा उचलला. 1980च्या दशकापर्यंत सुमारे 200 ठिकाणी असे रस्ते झाले आणि त्यांतले बहुतेक पुढे गाड्यांना पुन्हा उघडले. कॅलमझूने 1998मध्ये दोन ब्लॉक उघडले. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा 1964चा फुल्टन मॉल 2017मध्ये रस्ता झाला.

का ओस पडले हे रस्ते? एक कारण साधं मोजमापाचं आहे. साठ-ऐंशी फूट रुंद रस्त्यावर शंभर माणसं विखुरली की तो रिकामाच दिसतो. अग्निशमन गाडीसाठी सुमारे 20 फुटांची पट्टी मोकळी ठेवावी लागते, म्हणून बाकं आणि कुंड्या दोन्ही कडांना जातात आणि मधे पोकळी उरते. दुसरं कारण वेळेचं. दुकानं आणि कार्यालयं सहाला बंद, वरचे मजले रिकामे. मग संध्याकाळी तिथे राहणार कोण? वरच्या मजल्यावर घरं करायची तर अनेकदा बाहेर पडायला दुसरा जिना आणि आग विझवणारी फवारे-यंत्रणा लागते. तो खर्च एकट्या दुकानमालकाला झेपत नाही, म्हणून मजले तसेच पडून राहतात.

जिथे माणसं आधीपासून पायी पोहोचत होती, तिथे हीच रचना टिकली: बोल्डर (कोलोरॅडो, 1977), बर्लिंग्टन (व्हर्मांट, 1981), शार्लट्सव्हिल (व्हर्जिनिया, 1976). तिन्ही विद्यापीठांची शहरं आहेत, हा योगायोग नव्हे. शार्लट्सव्हिलचं 1931चं थिएटर 1974मध्ये बंद पडलं होतं, ते 2004मध्ये पुन्हा उघडलं. म्हणजे गाडीमुक्त रस्ता थिएटरआधी जवळपास तीन दशकं तग धरून होता. मात्र याच रस्त्याच्या टोकाला असलेली व्हिनेगर हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती 1960च्या दशकात नूतनीकरणाच्या नावाखाली पाडली गेली. त्यासाठीच्या 1960च्या मतदानात अनेक रहिवाशांना मतदान-करामुळे (मत देण्यासाठी भरावा लागणारा कर) भागच घेता आला नव्हता. यशोगाथांमध्ये हे सहसा येत नाही.

दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलने मधली वाट घेतली. 1970च्या दशकाच्या अखेरीस मुख्य रस्त्याच्या चार मार्गिकांच्या दोन केल्या, पदपथ रुंदावले आणि झाडं लावली. 1990मध्ये नाट्यसंकुल आलं, 2002मध्ये धबधब्यावरचा वाहनांचा पूल काढून टाकला आणि 2004मध्ये तिथे पादचारी पुलासह उद्यान उघडलं. पाव शतक लागलं. दोन-तीन वर्षांचं अनुदान घेऊन निघालेल्या शहरांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

थिएटरांसाठी पैसा बऱ्याचदा करसवलतीतून आला. ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर 1981च्या कायद्याने 25 टक्के सवलत दिली, ती 1986मध्ये 20 टक्क्यांवर आली. ना-नफा संस्थेला करच नसल्याने ती सवलत थेट वापरता येत नाही. कर भरणारा भागीदार आणावा लागतो, आणि पाच वर्षांच्या आत मालकी बदलली तर सवलतीचा काही भाग परत जातो. बांधकामातल्या अडचणी ठरलेल्या असतात: उथळ रंगमंच, अपुरी स्वच्छतागृहं, आणि मागच्या गल्लीत ट्रक वळत नाही म्हणून नेपथ्य समोरच्या दारातून आत न्यावं लागणं.

चौकांचं गणित मात्र मोठ्या शहरातून आलं. न्यूयॉर्कने 1975मध्ये चौकाच्या दर 30 चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक बंधनकारक केली. तेव्हा उंची एक ते तीन फूट चालत असे. दोन्ही बाजूंनी बसायचं असेल तर खोली 30 इंच लागे. सुट्या खुर्च्या लोकांना आवडतात, कारण त्या हव्या तशा सरकवता येतात; बसण्याआधी माणूस बहुधा खुर्ची थोडी तरी सरकवतो.

2020च्या साथीत शेकडो रस्ते तात्पुरते बंद झाले आणि वाद पुन्हा पेटला. आता बरीच शहरं कायमचा निर्णय टाळून फक्त उन्हाळ्यात किंवा शनिवार-रविवारी रस्ता बंद ठेवतात. त्यासाठी काढता येणारे खांब, रंगमंचापाशी स्वतंत्र वीजजोडणी आणि खुर्च्या ठेवायला कुलूपबंद खोली लागते. बर्फाच्या शहरांत खांबांच्या खोबण्यांना झाकणं नसतील, तर वसंतात पहिल्याच शनिवारी खांब आत जात नाहीत आणि पोलिसांची गाडी आडवी लावून काम भागवावं लागतं.