रेघ फिकी, तर औषध जास्त: भेंडीसाठी इमिडाक्लोप्रिड पट्टी

भेंडीतलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तपासणारी ही पट्टी दिसायला गर्भचाचणीच्या पट्टीसारखीच, पण वाचायची उलटी. इमिडाक्लोप्रिडचा रेणू इतका लहान असतो की दोन प्रतिपिंडांना (ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांना) तो एकाच वेळी दोन बाजूंनी धरता येत नाही. म्हणून इथे जागेसाठी चुरस असते. सोन्याच्या सूक्ष्म कणांवरची प्रतिपिंडं भाजीतल्या औषधाने आधीच अडवली, की ती ‘टी’ रेघेवर (चाचणीची रेघ, हिच्यावर तेच औषध आधीच चिकटवलेलं असतं) न थांबता पुढे निघून जातात आणि रेघ फिकी पडते.

पाकीट फ्रीजमधून काढलं असेल तर अर्धा तास बाहेर ठेवून मगच फोडा. थंड पट्टीवर दव धरतं.

ढिगातल्या वेगवेगळ्या जागची मिळून किमान 1 किलो भेंडी घ्या. धुऊ नका. औषध आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाडाच्या आत शिरतं; नुसती साल पुसून भागत नाही. बारीक चिरून, कालवून त्यातली 5 ग्रॅम मोजून नळीत टाका. इथे अंदाज नको: निम्मंच वजन घेतलंत तर पट्टीची मर्यादा जवळपास दुप्पट होते आणि नापास व्हायचा माल पास होतो. पट्टीसोबतचं 10 मिली द्रावण घालून 1 मिनिट जोरात हलवा, 5 मिनिटं ठेवा, वरचं नितळ तेवढं घ्या. पट्टीवर 3 थेंब. आठव्या मिनिटाला वाचा. वाळलेल्या पट्टीवरचा निकाल धरू नका.

‘टी’ रेघ ‘सी’इतकी (‘सी’ म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ) किंवा तिच्याहून गडद असेल तर औषध पट्टीच्या मर्यादेच्या आत. फिकी किंवा गायब असेल तर मर्यादेइतकं किंवा जास्त. ‘सी’च उमटली नाही तर ती चाचणी बाद.

‘सी’ न उमटण्याचं भेंडीतलं नेहमीचं कारण म्हणजे तिचा बुळबुळीतपणा. मिक्सरमधून काढलेल्या भेंडीची तार सुटते, थेंब टाकायचा पॅड तुंबतो, थेंब जागीच फुगून बसतो. चिरलेल्या भेंडीने हा त्रास बराच कमी होतो. तरी तार आलीच तर नितळ भाग दुसऱ्या नळीत काढून पुन्हा 5 मिनिटं ठेवा. पाणी घालून पातळ करू नका, त्यानेही मर्यादा सरकते.

पट्टी पास म्हणजे भेंडी औषधमुक्त, असं नाही. भाजीपाल्यावर बंदी असलेलं मोनोक्रोटोफॉस कुणी मारलं असेल तर ते हिला दिसणारच नाही. उलट इमिडाक्लोप्रिडसारख्याच रचनेचं दुसरं औषधही रेघ फिकी करू शकतं. त्यामुळे नापास मालाची एलसी-एमएस/एमएसवर (प्रयोगशाळेतल्या अचूक तपासणी यंत्रावर) खात्री करून घ्या. त्यासाठी उरलेली चिरलेली भेंडी लगेच पिशवीत बांधून, तारीख-वेळ लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. नवा नमुना काढलात तर दोन निकाल जुळतीलच असं नाही.