बूलीय फलनांचे चिन्हलेखन

जे वाक्य एकतर सत्य असते किंवा असत्य, त्याला गणिती तर्कशास्त्रात विधान म्हणतात. सत्याला १ आणि असत्याला ० मानले की ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’, ‘जर–तर’ यांनी जोडलेले प्रत्येक संयुक्त विधान हे बूलीय फलन ठरते, म्हणजे ०-१ घेऊन ० किंवा १ देणारा नियम. दोन चलांची (घटक विधानांची) अशी १६ फलने होतात, तीन चलांची २५६.

मुंबईतले अनेक विद्यार्थी ही चिन्हे दोनदा शिकतात. बारावीच्या गणितात ∧ (आणि), ∨ (किंवा), ~ (नाही), → (जर–तर) भेटतात. पुढे इलेक्ट्रॉनिक्सला गेले की तेच ‘आणि’ टिंबाने, ‘किंवा’ अधिकच्या चिन्हाने आणि ‘नाही’ अक्षरावरच्या आडव्या रेघेने लिहायचे. तिथे १ + १ = १ असते, आणि गोंधळ नेमका इथे उडतो. ही बेरीज नव्हे, हे शिकवताना पहिल्याच तासाला ठासून सांगायला हवे. ज्यांच्या नावावरून ‘बूलीय’ हा शब्द आला, त्या खुद्द जॉर्ज बूल यांनी (१८५४) + हे चिन्ह सामाईक घटक नसलेल्या वर्गांपुरतेच ठेवले होते. ‘दोन्ही असले तरी चालेल’ हा आजचा अर्थ पुढे तर्कशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी रुजवला. ∨ हे लॅटिन ‘वेल’ म्हणजे ‘किंवा’ या शब्दाचे आद्याक्षर.

चाळीच्या जिन्यातला दिवा पाहा. एक बटण तळमजल्यावर, एक वरच्या मजल्यावर. कुठलेही दाबा, पेटलेला दिवा विझतो, विझलेला पेटतो. ‘खालचे बटण चालू आहे’ हे अ, ‘वरचे बटण चालू आहे’ हे ब मानले तर दिवा पेटण्याची अट अशी:

(अ ∧ ~ब) ∨ (~अ ∧ ब)

थोडक्यात अ ⊕ ब, म्हणजे दोन्हींपैकी नेमके एकच सत्य. स्विचची मंडले अशी सूत्रांत मांडता येतात, हे अमेरिकन अभियंता-गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९३८ च्या निबंधात दाखवले.

सर्वांत जास्त चुका → या चिन्हात होतात. मुंबईच्या लोकलचे उदाहरण घ्या. ‘गाडी फास्ट असेल तर ती शीव स्थानकाला थांबत नाही’ हे विधान अ → ~ब असे लिहितात; इथे अ म्हणजे ‘गाडी फास्ट आहे’, ब म्हणजे ‘ती शीवला थांबते’. गाडी स्लो असेल तर ती थांबो वा न थांबो, विधान सत्यच राहते. ते खोटे पडते एकाच परिस्थितीत, गाडी फास्ट असूनही थांबली तर: समजा, रविवारी मेगाब्लॉकमध्ये (रुळांच्या दुरुस्तीसाठी मार्ग बंद असताना) फास्ट गाडी स्लो मार्गावर वळवली आणि ती शीवला थांबली. म्हणून त्याचा नकार ‘फास्ट असेल तर थांबते’ असा लिहिणे चूक. नकार आहे अ ∧ ब: गाडी फास्ट आहे आणि ती थांबते. त्यात ‘जर’ उरतच नाही.