बटरकपमुळे लोणी पिवळं होत नाही

ब्रिटनच्या कुरणांत मे-जूनमध्ये बटरकपची पिवळीधमक फुलं फुलतात. गाई ती खातात म्हणून लोणी पिवळं होतं, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हे साफ चुकीचं आहे. गाई चरून गेलेलं कुरण नीट बघा: गवत बुडापर्यंत खाल्लेलं, बटरकप मात्र ताठ उभं. त्याचं पान चुरडलं की प्रोटोअनेमोनिन नावाचं जहाल द्रव्य तयार होतं. तोंडाची आग होते, फोडही येतात. म्हणून जनावरं ते टाळतात, आणि तेच बरं! वाळल्यावर हे द्रव्य निरुपद्रवी होतं, त्यामुळे सुक्या चाऱ्यातल्या बटरकपची भीती नको.

लोण्याचा पिवळेपणा येतो हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीन या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यातून. याचा पुरावा आपल्या घरात आहे. म्हैस तोच चारा खाते, पण कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. म्हणून तिचं लोणी पांढरं, गाईचं पिवळसर.

बटरकप ओळखायचं पाच चकचकीत पाकळ्यांवरून. तिथल्या कुरणांत याच्या तीन बहुवर्षायू जाती सर्रास दिसतात. फुलाचा देठ बोटांत फिरवून बघा. खाचा नसतील आणि झाड उंच असेल, तर रॅननक्युलस ॲक्रिस. खाचा असतील तर फुलाखालची हिरवी निदलं तपासा: ती उलटी, देठाकडे वळलेली असली की बल्बोसस. तशी नसून जमिनीवर मुळं धरणारे धावते फुटवे दिसले, तर रेपेन्स.