शाळेला ग्रंथालय मिळालं, ग्रंथपाल राहिला

१५ ऑक्टोबर जवळ आला की मुंबईतल्या मराठी शाळांमध्ये पुस्तकांची लगबग सुरू होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती राज्यात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरी होते. व्हरांड्यात सतरंज्या अंथरतात, कपाटं उघडतात, मुलं तासभर वाचतात, फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात. दुसऱ्या दिवसापासून बऱ्याच शाळांत कपाटाला पुन्हा कुलूप. ते कुलूप एका दिवसात लागलेलं नाही, म्हणून थोडं मागे जायला हवं.

मुंबईत आधुनिक शाळा आणि मुलांची पुस्तकं जवळजवळ एकाच वेळी आली. १८२२ मध्ये स्थापन झालेली आणि १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली गेलेली संस्था शाळा चालवायची आणि त्यांच्यासाठी देशी भाषांत पुस्तकंही करून घ्यायची. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचं ‘बाळमित्र’ त्यातूनच १८२८ मध्ये आलं. मूळ फ्रेंच गोष्टी इंग्रजीमार्गे मराठीत आल्या होत्या. पाठांतर आणि परीक्षा यांपलीकडे मुलांनी गोष्टी वाचाव्यात, हा विचार इथे दोनशे वर्षं जुना आहे.

पुढची पायरी विद्यार्थ्यांनीच चढली. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ उभी केली. निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची आणि त्यातून काही कृती करायची. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. वाचणाऱ्या पोरांनी दुसऱ्यांना वाचतं केलं, हा या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे.

१ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं आणि मराठी वाचकाला शहरात हक्काची जागा मिळाली. त्याआधी ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालंच होतं. पण गिरणगावातल्या मुलाची अडचण पुस्तकाइतकीच जागेचीही होती. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं, स्टोव्ह आणि पाळीवरून परतलेला बाप झोपलेला. वाचायला बसायचं कुठे? म्हणून मुंबईत वाचनालयाइतकीच अभ्यासिकाही महत्त्वाची ठरली. कुठे मंडळाच्या कार्यालयात, कुठे समाजमंदिरात, कुठे महापालिकेच्या जागेत. लांब बाकं, वर पंखा आणि बोलायला मनाई, एवढ्यावर कित्येक जण मॅट्रिक झाले.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळण्याची रीत त्यातून बसली. शालेय ग्रंथालयं मात्र या व्यवस्थेबाहेर, शालेय शिक्षण खात्याकडेच राहिली. आज ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आहे आणि शाळा दुसऱ्या विभागाकडे. मुलांच्या वाचनाचं काम दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडलं, ते तिथेच आहे. त्याच १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि १९७१ पासून तिचं ‘किशोर’ मासिक निघू लागलं. ज्या घरात दुसरं पुस्तक यायचं नाही, तिथेही तो अंक पोहोचला.

आता त्या कुलपाकडे येऊ. शाळेतलं प्रत्येक पुस्तक नोंदवहीत चढतं, त्याला दाखल क्रमांक मिळतो, आतल्या पानावर शाळेचा गोल शिक्का बसतो. तपासणीत पुस्तक कमी भरलं की जबाबदारी ज्याच्या ताब्यात कपाट आहे त्याची. फाटलेलं पुस्तक रद्द करायचं तरी निर्लेखनाची फाइल वर पाठवावी लागते. पूर्णवेळ ग्रंथपाल नसेल तर हे काम एखाद्या शिक्षिकेकडे येतं. वर्ग, पेपर तपासणी, निवडणुकीचं काम सांभाळून त्या हेही पाहतात. मुलांच्या हाती पुस्तक दिलं तर हरवण्याची भीती, कपाटात ठेवलं तर हिशेब चोख. अशा स्थितीत कोणीही कुलूपच लावेल. दोष त्या बाईंचा नाही.

कायद्यानेही ही गाठ सोडवली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं, असं स्पष्ट म्हटलं आहे. सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य आणि कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशकही त्यात आहेत. ग्रंथपाल मात्र कुठेच नाही.

दरम्यान संगणक-फोनचा पडदा आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा पहिल्या शहरांत मुंबई होतीच. मग सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून प्रोजेक्टसाठी चित्रं छापून आणणारी पिढी आली. २०१५ मध्ये महापालिका शाळांतल्या आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब मिळाले, दप्तर हलकं व्हावं म्हणून. २०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्त झाला. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे सरकारी ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड आले. आज बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ‘किशोर’चे जुने अंक संकेतस्थळावर आहेत, २०१५ पासून चालू असलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टीही आहेत. पुस्तकांचा तुटवडा हे कारण आता उरलेलं नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरातला एकुलता एक फोन हाच वर्ग झाला. वडील तो घेऊन कामावर गेले की शाळा बुडाली. राज्यात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० रोजी, नेमकी वाचन प्रेरणा दिनी. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग मात्र ४ ऑक्टोबर २०२१ ला भरले, पहिली ते सातवीचे त्या डिसेंबरात. म्हणजे शाळेतली कपाटं दोन पावसाळे बंद. मुंबईच्या दमट हवेत कागदाचं काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

मुलं शाळेत परतली ती फोनची सवय घेऊनच. ती वाचत नाहीत असं म्हणणं मला पटत नाही. दिवसभर ती काहीतरी वाचतच असतात. पण कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, खरं कशावरून, हे विचारायला शिकवणारं माणूस त्यांच्याजवळ नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली. ती संमती कशाला देतोय, हे आई-वडिलांना आणि मुलांना उलगडून सांगणं ग्रंथपालाच्या कामात अगदी सहज बसतं.

पण ते पद पटसंख्येवर ठरतं. माध्यमिक शाळेत हजारावर विद्यार्थी असतील तर पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याखाली अर्धवेळ, आणि पट आणखी घसरला तर तोही नाही. मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या शाळांचा पट वर्षानुवर्षं उतरतो आहे आणि दर संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शाळेची पदं मंजूर होताना, हे पद धोक्यात येतं. ज्या शाळेत घरी पुस्तक नसलेली मुलं जास्त, तिथूनच ग्रंथपाल आधी जातो. हा निकष बदलायलाच हवा. तीन-चार लहान शाळा मिळून एक पूर्णवेळ ग्रंथपाल दिला, तरी आठवड्यातला एक दिवस प्रत्येक शाळेत कपाट उघडं राहील.