रंगार्थानुसार चित्रशोध

रंगार्थानुसार चित्रशोध : चित्रांच्या मोठ्या संग्रहातून ‘उबदार’, ‘शांत’, ‘भडक’, ‘एकमेकांना उठाव देणारे रंग’ अशा वर्णनावरून हवे ते चित्र काढण्याची संगणकीय पद्धत.

तिच्याआधीची पायरी म्हणजे नुसत्या रंगावरून शोध. १९९१ मध्ये मायकेल स्वेन आणि डॅना बॅलर्ड यांनी कोणत्या रंगाचे किती पिक्सेल (चित्राचे सूक्ष्म ठिपके) आहेत याचा हिस्टोग्राम म्हणजे मोजणीचा आलेख काढून चित्रे ताडण्याची रीत मांडली. आयबीएमच्या ‘क्यूबिक’ प्रणालीतही रंगांचे प्रमाण देऊन शोध घेता येई. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयाने ती आपल्या संकेतस्थळावर वापरली होती.

हिस्टोग्रामला प्रमाण कळते, नाते कळत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचे १८७२ सालचे ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ घ्या. चित्रभर निळसर करडे धुके आणि त्यात नारिंगी सूर्याची टिकली. मोजदादीत ती टिकली नगण्य ठरते. पाहणाऱ्याची नजर मात्र आधी तिच्यावरच जाते. गंमत म्हणजे हे चित्र कृष्णधवल केले तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, कारण त्याची उजळी भोवतालच्या आकाशाएवढीच आहे. त्याची सगळी ताकद शेजारच्या निळ्याशी असलेल्या विरोधात आहे.

हा विरोध सूत्रात बसवण्याचे काम स्विस चित्रकार योहानेस इटेन (१८८८–१९६७) यांनी आधीच केले होते. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकवणाऱ्या इटेन यांनी रंगांचे सात विरोध सांगितले. त्यांत थंड-उबदार, उजळ-गडद आणि पूरक (रंगचक्रात समोरासमोर येणाऱ्या) रंगांचा विरोध येतो. फ्लॉरेन्स विद्यापीठातील अल्बेर्तो देल बिम्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाअखेर याच सिद्धांतावर शोधप्रणाली उभारली. तिच्यात चित्राचे रंगानुसार तुकडे पाडतात. मग प्रत्येक तुकड्याचा रंग इटेनच्या रंगगोलातल्या (रंगांच्या गोलाकार मांडणीतल्या) १८० ठरावीक रंगांपैकी जवळच्या रंगाशी जुळवतात. त्यानंतर तुकड्याची जागा, आकारमान, ऊब आणि शेजारच्या तुकड्यांशी असलेला विरोध किंवा मेळ यांची नोंद होते. शोध या नोंदींवर चालतो, म्हणून मोनेची टिकली इथे हरवत नाही.

ऊब आणि विरोध असे मोजता येतात. मांगल्य, शोक यांचे तसे नाही. पांढरा रंग युरोपात नवरीचा, तर भारतात पुष्कळ ठिकाणी शोकाचा. २०२१ मधल्या ‘क्लिप’ या चित्र आणि मजकूर यांची सांगड घालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपाने इटेनचे नियम बाजूला ठेवून इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवरून अर्थ शिकून घेतला. तो मजकूर मुख्यतः इंग्रजी असल्याने आमसुली, अबोली, मोरपंखी या रंगनामांना तिथे फारसा आधार मिळत नाही. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने घातलेल्या नव्या सुनेचा फोटो पाहून इटेनच्या वाटेने जाणारी प्रणाली ‘उजळ-गडद विरोध’ बिनचूक नोंदवील. पण एरवी मंगलकार्यात टाळला जाणारा काळा रंग इथे सणाचा आहे, हे तिला रंगावरून कळणार नाही.