टनेज

टनेज म्हणजे जहाजाचे आकारमान किंवा वहनक्षमता सांगणारे माप. नावात ‘टन’ असला तरी ते दर वेळी वजनच असते असे नाही, आणि बातम्यांमधला गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या प्रवासी जहाजाचे ग्रॉस टनेज २,४८,६६३ आहे. हा आकडा त्याच्या वजनाचा नाही, आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेला आहे.

या शब्दाचे मूळ वाइनच्या पिंपात आहे. मध्ययुगात फ्रान्समधून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजात ‘टन’ नावाची, सुमारे ९५० लिटरची पिंपे किती मावतात यावर त्याची क्षमता ठरे. पुढे करही याच मापावर बसू लागला आणि मोजणीचे नियम जहाजांच्या घडणीत उतरले. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश नियमात खोली मोजतच नसत, ती रुंदीच्या निम्मी धरत. साहजिकच मालकांनी अरुंद आणि खोल जहाजे बांधून घेतली. त्यांवर कर कमी बसे, पण समुद्रात ती नीट चालत नसत. १८५४च्या ब्रिटिश कायद्याने मूरसम पद्धत आणली: आतली जागा प्रत्यक्ष मोजायची आणि १०० घनफुटांना एक टन धरायचा. तरी पळवाट उरलीच. वरच्या डेकला मुद्दाम एक झडप ठेवली की खालची जागा ‘उघडी’ ठरून हिशेबातून सुटे.

आजचे ग्रॉस टनेज १९६९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार काढतात. तो १८ जुलै १९८२ रोजी अमलात आला. जहाजातील सर्व बंदिस्त जागांचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला घनफळानुसार बदलणाऱ्या गुणांकाने गुणतात. १०,००० घनमीटरला गुणांक ०.२८, म्हणून टनेज २,८००. या आकड्यापुढे ‘टन’ लिहू नये. त्याला एकक नाही. बंदरशुल्क बहुधा त्यावरच आकारतात. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मालवाहू जहाजांना ‘सोलास’ सुरक्षा कराराचे बहुतेक नियम ५०० ग्रॉस टनेजपासून लागू होतात.

डेडवेट टनेज मात्र खरोखरच वजन आहे: माल, इंधन, गोडे पाणी, रसद आणि माणसे मिळून जहाज किती भार पेलते, ते मेट्रिक टनांत. तेलवाहू आणि खनिजवाहू जहाजांची ओळख याच आकड्याने होते. युद्धनौकांसाठी विस्थापन, म्हणजे नौकेने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, सांगण्याची रीत आहे. एखाद्या देशाच्या साऱ्या व्यापारी ताफ्यालाही ‘टनेज’ म्हणतात. तिथे आकडा ग्रॉस की डेडवेट हे लिहिलेले नसेल, तर दोन ताफ्यांची तुलना करता येत नाही.